वाचकांचे प्रश्न: फ्रंटियरवरच्या बारा जणांची टुकडी निवडायची तर कोण कोण घ्याल?

प्रश्न: आम्ही हॉस्टेलवरचे चौघं रात्री जेवण झालं की एक खेळ खेळतो, इतिहासातली माणसं उचलून टीम बनवायची. या वेळचा विषय होता अमेरिकेची फ्रंटियर, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीची पश्चिमेकडे सरकत गेलेली हद्द आणि तिथली माणसं. कुठल्याही सालातला माणूस चालेल, पण आजच्या स्पेशल फोर्सेससारखी बारा जणांची टुकडी व्हायला पाहिजे. आमच्या लिस्टमध्ये कस्टर लीडर, मग डेव्ही क्रॉकेट, जिम बोवी, वाइल्ड बिल हिकॉक, बफेलो बिल, वायट अर्प आणि बिली द किड. बाकीच्या नावांवरून भांडणं झाली. तुम्ही कोण कोण घ्याल?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: मित्रांनो, प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि लिस्ट बघून थोडं वाईटही वाटलं, कारण त्यातली बरीचशी नावं पोस्टरवरची आहेत. आधी बारा हा आकडा कुठून येतो ते बघू. अमेरिकन स्पेशल फोर्सेसच्या टुकडीत एक कॅप्टन, त्याचा डेप्युटी, एक ऑपरेशन्स बघणारा, एक माहिती काढणारा, आणि मग हत्यारं, बांधकाम-सुरुंग, औषधपाणी आणि संपर्क या चार कामांना दोन दोन माणसं. दोन दोन अशासाठी की वेळ आली तर टुकडीचे दोन तुकडे पडले तरी दोन्हीकडे प्रत्येक कामाचा माणूस असतो. आता तुमची लिस्ट परत बघा, सगळे पिस्तूलवाले. वाटाड्या कोण, दुभाष्या कोण, जखम कोण बांधणार, निरोप कोण पोचवणार?

आणि घोडदळाचा अधिकारी कस्टर लीडर तर नकोच. 25 जून 1876 ला लिटल बिगहॉर्न नदीवरच्या लढाईत त्याच्यासोबत क्रो जमातीचे स्काउट होते, त्यांनी आणि बाकीच्या वाटाड्यांनी सांगितलं होतं की खाली नदीकाठी आहे ती छावणी फार मोठी आहे, पण साहेबांना घाई, त्यांनी आपली रेजिमेंट तुकड्यांत वाटली आणि स्वतःसोबतची दोनशेच्या वर माणसं घेऊन गेले, त्यातलं एकही परत आलं नाही. जो वाटाड्याचं ऐकत नाही त्याच्या हातात मी अकरा जीव देणार नाही. माझी सगळी निवड या एकाच गोष्टीवर आहे, कान उघडे ठेवणारी माणसं.

माझा लीडर डॅनियल बून, केंटकीची वाट उघडणारा. का, तर 1776 चा जुलै आठवा. केंटकी नदीवर रविवारी दुपारी तीन मुली होडीतून फिरत होत्या, बूनची तेरा वर्षांची जेमायमा आणि कॅलवेंच्या दोघी, बेट्सी आणि फॅनी. होडी पलीकडच्या काठाला लागली आणि शॉनी आणि चेरोकी जमातींच्या मिळून पाच जणांनी त्यांना उचललं. बून तेव्हा झोपला होता, आरडाओरड ऐकून तसाच अनवाणी धावला. मुली पण हुशार, जाता जाता फांद्या मोडत होत्या, कपड्याच्या चिंध्या टाकत होत्या, ओल्या मातीत मुद्दाम टाच रुतवत होत्या. आता कुठलाही बाप काय करेल, मागावरून जीव खाऊन पळत सुटेल. बूनने उलट केलं. त्याच्या लक्षात आलं की पळवणारे मागे नजर ठेवून असणार, मागावरून गेलो तर त्यांना चाहूल लागेल आणि मुलींचा जीव जाईल, म्हणून त्याने माग सोडला आणि ते उत्तरेला ओहायो नदीकडेच जाणार असा अंदाज बांधून रानातून आडवा निघाला. तिसऱ्या दिवशी वाटेत नुकताच मारलेला गवा दिसला, रक्त अजून वाहत होतं. म्हणजे आता पाणी दिसलं की थांबणार आणि मांस भाजणार. पुढच्या ओढ्यापाशी बरोब्बर तसंच झालं आणि तिन्ही मुली जिवंत परत आल्या. पोटची पोरगी पळवलेली असताना डोकं इतकं थंड ठेवणं, मला त्याची बंदूक वगैरे काही नको, हे डोकं हवंय.

डेप्युटी सायमन केंटन. 1777 मध्ये बूनच्या घोट्यात गोळी घुसली आणि तो स्वतःच वसवलेल्या बून्सबरोच्या किल्ल्याबाहेर पडला होता तेव्हा याच केंटनने त्याला उचलून गोळ्यांच्या पावसातून दरवाज्याच्या आत आणलं. पुढच्याच वर्षी तो स्वतः शॉनींच्या हाती सापडला. दोन रांगांमध्ये काठ्या घेऊन माणसं उभी आणि मधून कैद्याने पळायचं, हा प्रकार त्याच्यावर नऊ वेळा झाला, आणि तरी तो जगला, सुटून घरी आला. जिवाला जीव देणारा डेप्युटी म्हणतात तो हा.

जॉर्ज ड्रुयार हे नाव तुमच्यापैकी कुणी ऐकलं नसेल, त्याची आई शॉनी आणि बाप फ्रेंच कॅनेडियन. पॅसिफिक समुद्रापर्यंत वाट शोधत गेलेल्या लुईस आणि क्लार्कच्या 1804 ते 1806 च्या मोहिमेत सगळ्यात जास्त शिकार आणून लोकांची पोटं भरणारा हाच, आणि मैदानी प्रदेशातल्या जमातींमध्ये हातवाऱ्यांची जी भाषा चालायची ती त्याला उत्तम यायची. म्हणजे एक माणूस आणि दोन कामं, शिकार आणि बोलणी.

नकाशाला जिम ब्रिजर. लिहिता वाचता येत नव्हतं, पण रॉकी पर्वतातल्या नद्या, खिंडी, झरे सगळं डोक्यात, विचारलं की कोळशाने चामड्यावर नाहीतर जमिनीवर नकाशा काढून द्यायचा. आणि ब्रिजर आला की डॉक्टर मार्कस व्हिटमन पण आले. 1832 च्या चकमकीत ब्रिजरच्या पाठीत बाण घुसला होता, त्याचं तीन इंची लोखंडी टोक तसंच आत राहिलं. तीन वर्षं तो माणूस ते पाठीत घेऊन डोंगरात हिंडत होता. 1835 मध्ये ग्रीन नदीवर सापळेवाल्यांची, म्हणजे कातड्यांसाठी सापळे लावून जनावरं धरणाऱ्यांची, जी वर्षाची जत्रा भरायची तिथे व्हिटमन आले होते, तिथेच उघड्यावर, भूल नाही काही नाही, चारी बाजूंनी सापळेवाले आणि त्यांच्या ओळखीचे इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, गोल करून बघतायत आणि डॉक्टर चाकूने ते टोक मोकळं करतायत. टोक हाडाला लागून वाकलं होतं आणि भोवती गाठ धरली होती. डॉक्टरांनी विचारलं की इतकी वर्षं जखम चिघळली कशी नाही, तर ब्रिजर म्हणाला म्हणे, डोंगरात मांस सडत नाही. अशा जागी असं ऑपरेशन करणारा हात माझ्या टुकडीला पाहिजेच.

माहिती काढायला बास रीव्ह्ज. जन्म 1838, आर्कान्सामध्ये, गुलाम म्हणून. यादवी युद्धाच्या काळात पळाला आणि इंडियन टेरिटरीत (आजचं ओक्लाहोमा) राहिला, तिथल्या भाषा शिकला, आणि 1875 मध्ये फोर्ट स्मिथच्या जज पार्करच्या हाताखाली डेप्युटी मार्शल झाला. बत्तीस वर्षांत तीन हजारांच्या वर अटका. वाचता येत नव्हतं, म्हणून निघायच्या आधी वॉरंट कुणाकडून तरी वाचून घ्यायचा आणि नाव, गुन्हा सगळं पाठ करून निघायचा. वेष बदलण्यात तर हात धरणारा नाही, फाटके बूट घालून भिकाऱ्यासारखा दोन गुन्हेगारांच्या आईच्या दारात गेला, जेवण मागितलं, तिथेच झोपला आणि सकाळी दोघं बेड्यांत होते अशी गोष्ट सांगतात. स्वतःच्या मुलाच्या नावाचं खुनाचं वॉरंट निघालं तेव्हा ते पण त्यानेच बजावलं. वायट अर्पच्या जागी मी डोळे मिटून रीव्ह्जला घेईन.

हत्यारांना तिघं एकत्रच घेतो कारण त्यांना वेगळं करणं मला जमणार नाही. जॉन वॉर्ड, आयझॅक पेन आणि पॉम्पी फॅक्टर, तिघंही ब्लॅक सेमिनोल स्काउट. यांचे पूर्वज गुलामीतून पळून फ्लोरिडात सेमिनोल लोकांच्या आश्रयाला गेलेले, तिथून पुढे मेक्सिको, आणि 1870 पासून अमेरिकन सैन्याने त्यांना टेक्सासच्या सरहद्दीवर स्काउट म्हणून घेतलं. 25 एप्रिल 1875, पेकोस नदी. लेफ्टनंट बुलिस आणि हे तिघं, फक्त चार माणसं, चोरीच्या घोड्यांचा माग काढत गेले आणि कोमांची जमातीच्या पंचवीसेक जणांशी गाठ पडली. माघार घेताना बुलिसचा घोडा सुटून गेला आणि साहेब एकटा पायी राहिला. तिघं घोड्यावर, निसटायला वाट मोकळी, आणि तिघंही मागे वळले. वॉर्डच्या कार्बाइनचा पट्टा गोळीने तुटला तरी त्याने बुलिसला आपल्या मागे ओढून घेतलं आणि बाकीचे दोघं दोन्ही बाजूंनी गोळीबार करत राहिले. तिघांनाही मेडल ऑफ ऑनर, अमेरिकन सैन्यातला शौर्याचा सर्वोच्च सन्मान, मिळालं. बुलिसच्या हाताखाली या स्काउटांनी वर्षानुवर्षं मोहिमा केल्या आणि लढाईत त्यांचा एकही माणूस मेला नाही, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला माहीत नाही.

झाले नऊ, उरलेले तीन खालच्या उत्तरांत येतात. क्रॉकेटबद्दल मात्र सांगतो, तो माणूस म्हणून मला फार आवडतो, 1830 मध्ये इंडियन लोकांना त्यांच्या जमिनीवरून हाकलायचा कायदा आला तेव्हा टेनेसीचा हा खासदार स्वतःच्या राज्यातल्या बाकीच्यांच्या विरोधात जाऊन त्याविरुद्ध उभा राहिला, त्याला हिंमत म्हणतात. पण लपूनछपून करायच्या कामात गप्प बसणारी माणसं लागतात, आणि तो भाषणांचा माणूस.

प्रश्न: मी सैन्यातून सुभेदार म्हणून रिटायर झालो. अशी रानोमाळ हिंडणारी माणसं एकेकटी भारी असतील, पण शिस्तीचं काय? एकाचं तोंड पूर्वेला आणि दुसऱ्याचं पश्चिमेला असेल तर टुकडी एका रात्रीत संपेल.
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: सुभेदार साहेब, तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत आणि दहावा माणूस त्यासाठीच आहे, रॉबर्ट रॉजर्स. ब्रिटिश आणि फ्रेंच अमेरिकेत लढत होते तेव्हा न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला फोर्ट एडवर्डला त्याच्या रेंजर कंपन्या होत्या, आणि 1757 मध्ये त्याने रानात कसं लढायचं याचे 28 नियम लिहून काढले. तुम्ही वाचलेत तर म्हणाल हे तर आम्हाला पण शिकवलं होतं. एका रांगेत चाला पण इतकं अंतर ठेवा की एका गोळीत दोन माणसं जाणार नाहीत. जमीन मऊ लागली की रांग मोडून आडवे पसरा म्हणजे माग काढता येणार नाही. गेलात त्या वाटेने परत येऊ नका. कैदी मिळाले तर जबान्या होईपर्यंत वेगवेगळे ठेवा. पहाट व्हायच्या आधी सगळ्यांना उठवा कारण शत्रू त्याच वेळेला येतो. अमेरिकन सैन्यातले आजचे रेंजर आपली परंपरा रॉजर्सपर्यंत नेतात ती उगाच नाही.

यातला गोळीबाराचा भाग समजायला ती ठासणीची बंदूक डोळ्यांसमोर आणायला पाहिजे. शिंगातून दारू मापून नळीत ओतायची, चरबी लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी धरायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, गज काढून परत जागेवर, कानात चिमूटभर बारीक दारू, मग चाप चढवायचा. लांब नळीच्या केंटकी रायफलला यात अर्धं मिनिट तरी सहज जातं, ओल्या हवेत आणखी जास्त, आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस कुऱ्हाड घेऊन अंगावर येतो. म्हणून नियम असा की सगळ्यांनी एकदम बार काढायचा नाही, अर्ध्यांनी उडवायचा आणि ते भरत असताना बाकीच्या अर्ध्यांच्या बंदुका भरलेल्या असल्याच पाहिजेत. त्या काळात शिस्त म्हणजे हे, परेड नाही.

पण रॉजर्सला मी लीडर केलं नाही त्याचं कारण 1759. सेंट फ्रान्सिसच्या अबेनाकी गावावर त्याने पहाटे हल्ला केला, गाव जाळलं, बायकापोरं पण मेली, आणि परतीच्या वाटेवर त्याचे स्वतःचे लोक उपासमारीने आणि पाठलागात मेले. ठरलेल्या जागी शिधा घेऊन आलेली माणसं तो पोचायच्या आधीच निघून गेली होती, तेव्हा तो तराफा बांधून कनेक्टिकट नदीतून खाली गेला आणि मागे राहिलेल्यांसाठी अन्न पाठवलं. प्लॅन करणारा म्हणून बेस्ट, पण कुठे थांबायचं ते ठरवायला मला बून लागतो. 1778 च्या फेब्रुवारीत बूनची जवळपास तीस माणसं ब्लू लिक्सला मीठ करत होती आणि शॉनी सरदार ब्लॅकफिशची मोठी फौज बून्सबरोवर निघाली होती. बून सापडला आणि त्याने आपल्या माणसांना हत्यारं खाली ठेवायला लावली, कारण किल्ल्यात बायकामुलं होती आणि तटबंदी अर्धवट होती, त्या दिवशी हल्ला झाला असता तर सगळं संपलं असतं. ब्लॅकफिशने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतलं, तो चार महिने तिथे राहिला, आणि पुन्हा हल्ल्याची तयारी दिसल्यावर त्यांच्या हातावर तुरी देऊन चार दिवसांत 160 मैल तुडवत घरी आला. सप्टेंबरमध्ये वेढा पडला तेव्हा किल्ला तयार होता आणि टिकला. त्यानंतर त्याच्याच लोकांनी फितुरीच्या आरोपावरून त्याचं कोर्ट मार्शल केलं. निर्दोष सुटला आणि वर मेजर झाला. सगळे आपल्यावर संशय घेणार हे माहीत असून असा निर्णय घेणारा माणूस, साहेब, तुम्हीच सांगा, कमांड दुसऱ्या कुणाला द्यायची?

प्रश्न: तुमच्या अशा लिस्टमध्ये बाई कधीच नसते. त्या मुलुखात बायका नव्हत्या का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: ताई, होत्या, आणि माझ्या टुकडीतली अकरावी बाईच आहे, सॅकाजावेआ. शोशोनी मुलगी, लहानपणी हिदात्सा जमातीने पळवलेली, लुईस आणि क्लार्कबरोबर निघाली तेव्हा सोळा सतरा वर्षांची असेल आणि पाठीवर दोन महिन्यांचं बाळ. 14 मे 1805 ला वाऱ्याने होडी कलंडली, तिचा नवरा शार्बोनो सुकाणूवर होता तो घाबरून देवाचा धावा करत बसला, आणि ही बाळ सांभाळत पाण्यावर तरंगणारं सामान एकेक करून गोळा करत होती. ऑगस्टमध्ये डोंगर ओलांडायला घोडे हवे होते आणि बोलणी शोशोनींशी होती. बोलणी कशी, तर ती शोशोनी ऐकून हिदात्सात सांगणार, शार्बोनो ते फ्रेंचमध्ये, मग आणखी एक जण इंग्लिशमध्ये. बोलायला बसली आणि समोरच्या सरदाराकडे बघते तर तिचाच भाऊ, कॅमियाव्हेट. उठून धावली, त्याच्या अंगावर आपली चादर टाकली आणि रडत राहिली, मग डोळे पुसून परत दुभाष्याच्या कामाला बसली. हे वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. आणि क्लार्कने स्वतःच्या डायरीत लिहिलंय की पुरुषांच्या टोळीत बाई दिसली की लोकांना कळतं ही माणसं लढायला आलेली नाहीत. हत्यार न काढता दार उघडणं याला आजचे सैनिकसुद्धा मोठं काम मानतात.

अजून एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही, लोझेन, अपाची सरदार व्हिक्टोरियोची बहीण. लढाईत पुरुषांच्या बरोबरीने असायची. 1880 मध्ये व्हिक्टोरियो मेक्सिकोत मारला गेला तेव्हा ती तिथे नव्हती, कारण एका गरोदर बाईचं बाळंतपण वाटेत रानातच करून तिला आणि बाळाला सुखरूप तिच्या माणसांत पोचवायला गेली होती, असं अपाची लोक सांगतात. कौशल्यावर घ्यायची तर पहिल्या तिघांत येईल. पण मी तिला या टुकडीत ओढणार नाही, ती ज्या सैन्याशी आयुष्यभर लढली त्याच्याच वारशाच्या टुकडीत तिचं नाव घालणं मला पटत नाही.

प्रश्न: मी टेक्सासमध्ये असते, मुलाच्या शाळेत किट कार्सन हिरो म्हणून शिकवला. मग शाळेतल्या एका नाव्हाहो जमातीच्या आईशी बोलले आणि तिने वेगळंच सांगितलं. तुमच्या लिस्टमध्ये कार्सन आहे का?
(एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: आहे, बारावा, आणि सगळ्यात जास्त वेळ मी त्याच्याच नावावर अडकलो. डिसेंबर 1846 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन पास्क्वालला अमेरिकन जनरल कर्नीची फौज वेढली गेली होती. कार्सन, नौदलाचा एडवर्ड बील आणि एक इंडियन स्काउट रात्री मदत मागायला निघाले. आवाज होतो म्हणून पाण्याचे डबे टाकले, बूट काढून कमरेला खोचले आणि पहारेकऱ्यांच्या मधून पोटावर सरपटत गेले. सरपटताना बूट कुठेतरी पडले. पुढचे तीसेक मैल काटेरी निवडुंग आणि दगडांतून अनवाणी, पण सॅन डिएगोला निरोप पोचला. निरोप्या हवा तर असा.

आणि त्याच कार्सनने 1863-64 मध्ये सैन्याच्या हुकमावरून नाव्हाहोंची शेतं जाळली, मेंढरं मारली, त्याच्या मोहिमेत कॅन्यन डी शेयमधली त्यांची पीचची झाडं तोडली गेली. उपाशी पडलेली आठ हजारांवर माणसं तीनशेच्या वर मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेली, वाटेत आणि तिथे कितीतरी मेली, 1868 च्या तहानंतर कुठे घरी परतता आलं. त्याला त्यांची भूमी आणि चालीरीती माहीत होत्या म्हणूनच हे जमलं, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्या आईने तुमच्या घरी सांगितलं ते खरं आहे, ताई, मुलाला दोन्ही सांगा. मी त्याला टुकडीत घेतो ते निरोप पोचवायला, कुठे जायचं ते ठरवण्यात त्याला मत नाही.

प्रश्न: या बारा जणांना शेवटी काय मिळालं?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: बूनने केंटकीची वाट उघडली आणि त्याच केंटकीतल्या त्याच्या जमिनी कागदपत्रांच्या घोळात गेल्या, पुढे मिसुरीत स्पेनने दिलेली पण गेली, 1814 मध्ये काँग्रेसने काही परत दिली ती कर्ज फेडायला विकली. रॉजर्स 1795 मध्ये लंडनमध्ये कर्जातच मेला. ड्रुयारला 1810 मध्ये ब्लॅकफूट जमातीच्या लोकांनी मारलं. व्हिटमनना 1847 मध्ये कायूस जमातीच्या लोकांनी मारलं, गोवराच्या साथीत कायूसांची मुलं पटापट मरत होती आणि डॉक्टरांच्या औषधावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. शार्बोनोला मोहिमेचे पाचशे डॉलर आणि 320 एकर मिळाले, सॅकाजावेआला काहीच नाही. आणि माझ्या बारा जणांत नसलेले, पण 1886 मध्ये सैन्याशी लढणाऱ्या अपाची नेता जेरोनिमोला शरण यायला राजी करणारे दोन अपाची स्काउट, कायिता आणि मार्टीन, यांना तर जेरोनिमोच्या लोकांबरोबरच कैदी म्हणून फ्लोरिडाला पाठवलं.

आणि इंडियन स्काउटांच्या युनिफॉर्मवर एकमेकांना छेदणारे दोन बाण असायचे, तेच बाण आज स्पेशल फोर्सेसच्या बिल्ल्यावर आहेत. पॉम्पी फॅक्टरने म्हातारपणी पेन्शन मागितलं तेव्हा सांगितलं गेलं की त्याच्या नोकरीचं रेकॉर्ड सापडत नाही. तो 1928 मध्ये गेला. टेक्सासमध्ये ब्रॅकेटव्हिलजवळ सेमिनोल स्काउटांची एक छोटी दफनभूमी आहे, तिथे तो, वॉर्ड आणि आयझॅक पेन तिघंही आहेत, आणि मेडल ऑफ ऑनरवाला चौथा एक स्काउटही.